कळांचा तक्ता आणि बोटांची सवय

संगणकाच्या कळफलकावर एका कळेवर इंग्रजी ‘के’ छापलेला असतो, म्हणून ती दाबली की पडद्यावर ‘के’ उमटतो, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. कळ दाबल्यावर संगणकाला केवळ एक क्रमांक पोहोचतो. त्या क्रमांकाचा अर्थ कोणता घ्यायचा, हे एका तक्त्यात लिहिलेले असते. इंग्रजीचा तक्ता लावलेला असेल तर ‘के’ उमटतो. इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीचा तक्ता लावला तर त्याच कळेतून ‘क’ उमटतो. आणि ‘इमॅक्स’सारख्या संपादन-प्रोग्रॅममध्ये कंट्रोल कळेसह तीच कळ दाबली तर कोणतेही अक्षर न उमटता, ओळीचा पुढचा सारा भाग कापला जातो. कळ एकच, बोट एकच; बदलला तो तक्ता.

या तक्त्याला संगणकाच्या परिभाषेत ‘कीमॅप’ म्हणतात. एका तक्त्यातील कळा दुसऱ्या तक्त्यात कशा न्याव्यात, नेताना काय सांभाळावे आणि कोठे फसगत होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो वरवर पाहता तांत्रिक वाटेल. परंतु ज्यांच्या घरात कुणीतरी टंकलेखनाच्या प्रमाणपत्रावर नोकरीला लागले, त्यांना तो परका नाही. निगडी, चिंचवड, पिंपरी या पट्ट्यात असे घर शोधावे लागत नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी कार्यालयात लिपिक आहेत, कुणी तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्कमध्ये काम करतात, कुणी चाकणच्या कारखान्यात संगणकावर नोंदी ठेवतात. या सर्वांची बोटे कोणत्या ना कोणत्या तक्त्याची सवय अंगी बाणवून बसलेली आहेत.

तक्त्यांचा पूर्वेतिहास

इंग्रजी कळफलकाची आजची मांडणी क्रिस्टोफर शोल्स यांच्या टंकयंत्रातून आली. त्यांच्या यंत्राचे पहिले पेटंट १८६८ चे. रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र १८७४ मध्ये बाजारात आणले. पुढे १९३६ मध्ये ऑगस्ट ड्वोरॅक यांनी बोटांचे श्रम वाचवणाऱ्या निराळ्या मांडणीचे पेटंट घेतले. तथापि तोवर कचेऱ्यांतील हजारो टंकलेखकांची बोटे जुन्या मांडणीत मुरली होती, आणि जुनीच मांडणी टिकली. मांडणीच्या गुणदोषांपेक्षा बोटांची सवय अधिक बलवत्तर ठरते, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

देवनागरीसाठी तर टंकयंत्रापुढे मोठाच पेच होता. यंत्रावर चाळीस-पंचेचाळीस कळा, प्रत्येकीवर दोन ठसे. म्हणजे जेमतेम नव्वद आकार. एवढ्यात व्यंजने, स्वर, मात्रा, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे आणि अंक बसवायचे होते. म्हणून रचनाकारांनी अक्षरांचे तुकडे केले. काही अक्षरांचा अर्धा भाग एका कळेवर ठेवला आणि उभी रेघ काढण्यासाठी काना जोडायचा, अशी योजना केली. कागदावर जे आधी दिसते ते आधी दाबायचे, हा त्या यंत्राचा नियम होता. ‘कि’ लिहायचा तर पहिली वेलांटी आधी, ‘क’ नंतर. ‘धर्म’ लिहायचा तर ‘ध’, मग ‘म’, आणि शेवटी त्याच्या डोक्यावर रफार. यंत्राला भाषा ठाऊक नव्हती. त्याला केवळ आकार ठाऊक होते.

भारतीय बनावटीचे पहिले टंकयंत्र गोदरेजने १९५५ मध्ये तयार केले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय अस्तित्वात आले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि सरकारी कामकाज मराठीतून चालवण्यासाठी मराठी टंकलेखकांची गरज वाढत गेली. गावोगावी टंकलेखन संस्था निघाल्या. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचे मिनिटाला ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द, ही अट तेव्हापासून असंख्य कुटुंबांच्या आयुष्यातील एक उंबरठा ठरली. मिनिटाला ३० शब्द म्हणजे दर दोन सेकंदांना एक शब्द. या वेगात कळ डोळ्यांनी शोधता येत नाही. बोटालाच ती ठाऊक असावी लागते. शेतमजुराचे वा कामगाराचे मूल सकाळी वा संध्याकाळी तासभर संस्थेत बसून ही सवय कमावत असे. जमीन नव्हती, ओळख नव्हती, भांडवल नव्हते. बोटांत मुरलेला हा तक्ता हीच त्याची मिळकत होती.

मग संगणक आला आणि तक्ता बदलला. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट ही मांडणी प्रमाण म्हणून पुढे आणली. १९९१ मध्ये ती भारतीय मानक १३१९४ मध्ये समाविष्ट झाली. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्यांसाठी जे काम केले, त्यातून ही मांडणी देशभर पसरली. इनस्क्रिप्टने आकारांचा विचार सोडून वर्णांचा विचार केला. डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. ‘के’च्या कळेवर ‘क’, आणि शिफ्टसह तीच दाबली की ‘ख’. ‘एल’वर ‘त’, शिफ्टसह ‘थ’. ‘एच’वर ‘प’, शिफ्टसह ‘फ’. अल्पप्राण खाली, महाप्राण वर. वर्णमाला ज्याला येते त्याला मांडणीमागील तर्क चटकन उमगतो. शिवाय कानडी, तेलुगू, गुजराती, बंगाली यांसाठीही ‘क’ची कळ तीच असते. एक तक्ता शिकला की दहा लिप्यांचे दार उघडते.

एवढा गुण असूनही जुन्या टंकलेखकाला इनस्क्रिप्ट डोईजड वाटली, आणि ते स्वाभाविक होते. त्याची वर्षांची कमाई एका रात्रीत निकामी होत होती. म्हणून मराठीसाठी निघालेल्या अनेक प्रणालींनी इनस्क्रिप्टबरोबर जुन्या टंकयंत्राची मांडणीही उपलब्ध ठेवली. म्हणजेच जुन्या तक्त्यातील कळा नव्या यंत्रात उतरवल्या. ही उतरवणी कशी होते, ते आता पाहू.

तक्ता बदलण्याची सोय असलेला संपादक

बहुतेक प्रोग्रॅममध्ये कळांचे तक्ते आतल्या आत दडवलेले असतात. ते उघडपणे वापरणाऱ्याच्या हाती देणारा एक जुना प्रोग्रॅम म्हणजे इमॅक्स. १९७६ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत त्याचा आरंभ झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याचे ग्नू इमॅक्स हे रूप १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. तो कुणालाही विनामूल्य घेता येतो आणि आतून बदलताही येतो. मराठीत लिहिण्यासाठी देवनागरीची इनस्क्रिप्ट मांडणी आणि रोमन अक्षरांतून लिहिण्याची आयट्रान्स पद्धत या दोन्ही त्यात पूर्वीपासून आहेत.

इमॅक्समध्ये तक्ता एक नसतो. अनेक असतात, आणि ते उतरंडीने लागलेले असतात. आपल्या वसतिगृहाचे उदाहरण घेऊ. एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, ‘रात्री दिवे किती वाजता मालवायचे?’ तर आधी त्याच्या खोलीचा काही खास नियम आहे का ते पाहतात. नसेल तर इमारतीचा नियम, तोही नसेल तर संस्थेचा सर्वसाधारण नियम. इमॅक्सही असेच करतो. कळ दाबली की प्रथम तात्पुरत्या, छोट्या सोयींचे तक्ते तपासले जातात. त्यांत उत्तर न मिळाल्यास चालू कामाचा तक्ता, आणि तेथेही न मिळाल्यास सर्वांना लागू असणारा सामाईक तक्ता. म्हणूनच ‘एन’ ही कळ पत्र लिहिताना ‘एन’ हे अक्षर उमटवते आणि फायलींची यादी पाहताना पुढच्या ओळीवर नेते. कळेचा अर्थ तिच्या अंगी नसतो. ती कोणत्या तक्त्यात पाहिली जाते, यावर तो ठरतो.

प्रत्येक नोंदीत डावीकडे कळ असते आणि उजवीकडे करायच्या कामाचे नाव. आता समजा, एका कामात सवयीच्या झालेल्या कळा दुसऱ्या कामातही हव्या आहेत. त्यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग एकेक नोंद उचलण्याचा. जुन्या तक्त्यात अमुक कळेपुढे काय लिहिले आहे ते ‘लुकअप-की’ या आज्ञेने विचारायचे, आणि मिळालेले उत्तर ‘डिफाइन-की’ या आज्ञेने नव्या तक्त्यात नोंदवायचे. पाच-दहा कळा न्यायच्या असतील तर हाच मार्ग उत्तम. काय नेले आणि काय नेले नाही, हे प्रत्येक ओळीत स्पष्ट राहते.

दुसरा मार्ग संपूर्ण नकलेचा. ‘कॉपी-कीमॅप’ या आज्ञेने जुन्या तक्त्याची प्रत निघते. त्या प्रतीत हवे ते फेरफार करावेत. मूळ तक्त्याला धक्का लागत नाही. सोपे आणि निर्धोक वाटते. परंतु प्रत निघाली त्या क्षणी ती मुळापासून तुटते. पुढे मूळ तक्त्यात सुधारणा झाली तरी प्रतीला ती कळत नाही.

तिसरा मार्ग वारशाचा. नवा, रिकामा तक्ता घ्यायचा आणि ‘सेट-कीमॅप-पेरेंट’ या आज्ञेने जुन्या तक्त्याला त्याचा पालक नेमायचे. नव्या तक्त्यात केवळ आपल्या वेगळ्या नोंदी असतात. जी कळ त्यात सापडत नाही, ती पालकाकडे विचारली जाते. पालकात भर पडली की ती आपोआप पाल्यालाही मिळते. पाल्याने स्वतःची नोंद केली असेल तर मात्र तीच मानली जाते; पालक तेथे हस्तक्षेप करत नाही.

इमॅक्सची स्वतःची मार्गदर्शिकाच सांगते की तक्त्याची संपूर्ण नक्कल करण्याची गरज क्वचितच पडते. थोडा फरक करायचा असेल तर वारसा वापरावा. या सल्ल्याचे मर्म मराठीतील दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल.

‘ॲ’ आणि रुपयाचे चिन्ह

‘ॲड’, ‘ॲप’ असे शब्द लिहिताना मराठीत ‘अ’वर अर्धचंद्र येतो. हिंदीत त्याच जागी ‘ऍ’ लिहितात. सर्व लिप्यांना सांकेतिक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक प्रमाणात देवनागरी १९९१ पासून आहे, परंतु मराठी वळणाच्या ‘ॲ’ला त्यात स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्यानंतर १५ जुलै २०१० रोजी भारत सरकारने रुपयाचे ₹ हे चिन्ह स्वीकारले. त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये गेले आणि भारतीय कळफलकांच्या तक्त्यांत उजव्या ऑल्ट कळेसह ‘४’ या जागी बसवले गेले.

समजा, एखाद्या कार्यालयाने २००७ मध्ये मराठी तक्त्याची प्रत काढून तिच्यात स्वतःच्या सोयीचे चार फेरफार केले. ती प्रत आजही इमानाने चालेल, पण तिच्यात ना ‘ॲ’ असेल, ना ₹. वापरणारा म्हणेल, आमच्या संगणकावर हे अक्षरच येत नाही. अक्षर संगणकात आहे; त्याच्या तक्त्यात नाही. याउलट ज्याने मूळ तक्त्याला पालक नेमून केवळ चार नोंदी स्वतःच्या ठेवल्या, त्याला दोन्ही चिन्हे काहीही न करता मिळाली असती. नक्कल भूतकाळातील एका दिवसाचे छायाचित्र असते, तर वारसा मुळाशी जोडलेला राहतो.

मात्र वारशालाही दुसरी बाजू आहे. पालकात नको असलेला बदल झाला तर तोही पाल्याकडे येतो. म्हणून जेथे काहीही बदलता कामा नये, उदाहरणार्थ परीक्षेच्या दालनात, तेथे गोठवलेली प्रतच योग्य. काय टिकवायचे आहे आणि कशासाठी, याचा विचार करूनच मार्ग निवडावा.

जेथे हुबेहूब नक्कल फसते

तक्त्याची नोंद उचलून नेणे सोपे आहे. तिचा अर्थ सोबत येतोच असे नाही. याची तीन ठळक उदाहरणे आहेत.

पहिले आपल्या टंकयंत्राचे. जुनी मांडणी संगणकात उतरवताना कळेमागे कळ नेली, वेलांटीच्या जागी वेलांटी ठेवली, तरी काम भागत नाही. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘कि’ मध्ये आधी ‘क’ आणि मग वेलांटी, ‘धर्म’ मध्ये ‘ध’, ‘र’, पायमोड आणि मग ‘म’. टंकलेखकाचे बोट मात्र वेलांटी आधी दाबते आणि रफार शेवटी. तेव्हा तक्त्यासोबत एक नियमही द्यावा लागतो. वेलांटी आली तर थांबून पुढचे व्यंजन येऊ द्यायचे आणि मग दोहोंची जागा बदलायची. रफार आला तर मागे जाऊन त्याला त्याच्या अक्षरापूर्वी बसवायचे. हा नियम न देता केवळ कळा उतरवल्या, तर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. युनिकोडपूर्वीच्या अनेक फाँटनी हा प्रश्न टाळला. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. छापलेल्या कागदावर मराठी दिसे, परंतु फाँट बदलताच सारा मजकूर निरर्थक इंग्रजी चिन्हांत पालटे. जुन्या अहवालांच्या आणि स्मरणिकांच्या फायली उघडताना आपल्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल.

इनस्क्रिप्टमध्ये हा गोंधळ नाही, कारण तेथे कळ वर्णाची आहे. ‘धम्म’ लिहायचा तर शिफ्टसह ‘ओ’, मग ‘सी’, ‘डी’, ‘सी’. ‘धर्म’ लिहायचा तर शिफ्टसह ‘ओ’, मग ‘जे’, ‘डी’, ‘सी’. दोन शब्दांत केवळ दुसऱ्या कळेचा फरक आहे, आणि उच्चारातही नेमका तेवढाच फरक आहे. टंकयंत्रावर मात्र पहिल्यात अर्धा ‘म्’ मधे येई आणि दुसऱ्यात रफार शेवटी. बोटांना ते दोन पूर्णतः वेगळे शब्द होते.

दुसरे उदाहरण कंट्रोल-एक्सचे. मजकूर कापणे, उचलणे आणि चिकटवणे यांसाठी आज सर्वत्र कंट्रोलसह ‘एक्स’, ‘सी’, ‘व्ही’ वापरतात. कापणे-चिकटवणे ही कल्पना रुजवण्यात लॅरी टेस्लर यांचा मोठा वाटा होता. कळफलकाच्या खालच्या रांगेतील या शेजारशेजारच्या कळा ॲपलच्या लिसा या १९८३ च्या संगणकापासून रूढ झाल्या. इमॅक्स त्याहून जुना. त्यात कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-सी या दाराच्या कळा आहेत. त्या दाबल्यावर आत आणखी एक तक्ता उघडतो. कंट्रोल-एक्स पाठोपाठ कंट्रोल-एस दाबले तर फाइल जतन होते, कंट्रोल-एफ दाबले तर फाइल उघडते. नवख्या माणसाने सवयीची कळ हवी म्हणून कंट्रोल-एक्सपुढे सरळ ‘कापणे’ असे लिहिले, तर त्या दारामागील सगळा तक्ता बंद होतो. फाइल जतन करण्याची नेहमीची वाटही बुजते. यावर इमॅक्सने दिलेला तोडगा शिकण्यासारखा आहे. ‘सीयूए’ नावाची सोय लावली की मजकूर निवडलेला असतानाच या कळा कापण्याचे वा उचलण्याचे काम करतात. एरवी त्या पूर्वीसारख्याच दार राहतात. दोन्ही सवयींना जागा मिळते, आणि एकीसाठी दुसरीचा बळी जात नाही.

तिसरे उदाहरण मराठीत काम करणाऱ्याला थेट भिडणारे आहे. लिनक्सवर संगणकाचाच कळफलक मराठी इनस्क्रिप्ट केला आणि इमॅक्समध्ये कंट्रोल-सी दाबले, तर इमॅक्सला ‘कंट्रोल-म’ मिळते, कारण ‘सी’च्या कळेवर मराठीत ‘म’ आहे. अशा कळेची नोंद कोणत्याच तक्त्यात नसते, त्यामुळे तो ती ओळखत नाही. विंडोजवरील बहुतेक प्रोग्रॅममध्ये ही अडचण जाणवत नाही, कारण तेथे मराठी मांडणी लावली तरी शॉर्टकटसाठी कळेची मूळ इंग्रजी ओळख कायम राहते. लिनक्सवर मात्र मराठी लिहिणाऱ्याने प्रत्येक आज्ञेपूर्वी इंग्रजीत जायचे आणि पुन्हा मराठीत यायचे, अशी शिक्षाच जणू होते.

हा प्रश्न सोडवताना प्रथम मनात येते ते असे, की इंग्रजी तक्त्यातील शेकडो नोंदी मराठी अक्षरांपुढे पुन्हा लिहाव्यात. ही नक्कल कधी संपत नाही, कारण प्रत्येक कामाचा तक्ता वेगळा आणि प्रत्येक तक्त्यात नव्या नोंदी सतत येत राहतात. योग्य उपाय एक पायरी खाली आहे. इमॅक्समध्ये कळांचे भाषांतर करणारा स्वतंत्र तक्ता असतो. त्यात फक्त एवढेच नोंदवायचे, की कंट्रोल-म आले तर ते कंट्रोल-सी समजावे, कंट्रोलसह अनुस्वार आला तर कंट्रोल-एक्स, कंट्रोल-क आले तर कंट्रोल-के. अक्षरकळांपुरत्या या ओळी एकदा लिहिल्या, की पुढचे सर्व तक्ते जसेच्या तसे लागू होतात. याहूनही सोपा मार्ग म्हणजे संगणकाचा कळफलक इंग्रजीच ठेवून इमॅक्सची अंतर्गत देवनागरी मांडणी वापरणे. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की ती सुरू होते, पुन्हा दाबली की बंद होते. कंट्रोलच्या आज्ञा दोन्ही अवस्थांत चालू राहतात.

आधी मोजदाद, मग बदल

तक्ता हलवण्यापूर्वी आपण कोणत्या कळा खरोखर वापरतो, हे पाहणे आवश्यक आहे. इमॅक्समध्ये कंट्रोल-एच दाबून नंतर ‘के’ दाबले आणि मग कोणतीही कळ दाबली, तर ती कळ सध्या काय करते ते लिहून येते. कंट्रोल-एच नंतर ‘बी’ दाबले तर त्या क्षणी लागू असलेल्या सर्व नोंदींची यादी मिळते. आठवडाभर काम करून नित्याच्या वीस-पंचवीस कळा कागदावर उतरवाव्यात. त्यांपैकी प्रत्येकीची नव्या तक्त्यातील जागा रिकामी आहे की तेथे आधीच कुणी बसले आहे, हे तपासावे. बसलेले असेल तर ते उठवण्यापूर्वी त्याचे काम काय, हे पाहावे. एका वेळी चार-पाच कळाच न्याव्यात, त्या बोटांत मुरल्या की पुढच्या.

मराठीच्या तक्त्याची परीक्षा करायची असेल तर एक जोडी पुरेशी आहे : ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. पहिला शब्द गुरूंसाठी, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्ध्या चंद्रासारखा दिसणारा ‘ऱ’. हा दुसरा ‘ऱ’ हिंदीच्या नित्य वापरात नाही, म्हणून हिंदीपुरता विचार करून उतरवलेल्या तक्त्यात तो निसटण्याचा संभव असतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’ दाबून ‘ऱ’ मिळतो, आणि त्यापुढे ‘डी’ची पायमोड व मग ‘य’ दाबला की ‘ऱ्य’ उमटतो. तसाच ‘ळ’ शिफ्टसह ‘एन’वर आहे. ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘बाळ’, ‘शाळा’ हे शब्द नीट उमटले, तर तक्ता मराठीचा आहे असे खुशाल समजावे.

किंमत कोण मोजतो

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला या विषयात एक गोष्ट सर्वाधिक महत्त्वाची वाटते. तक्ता बदलण्याचा निर्णय एका ठिकाणी होतो आणि त्याची किंमत दुसरीकडे मोजली जाते. टंकयंत्राकडून संगणकाकडे जाणे आवश्यक होते, इनस्क्रिप्ट ही गुणवान मांडणी होती, यात शंका नाही. परंतु ज्याच्या घरी संगणक होता, त्याने नवी सवय घरबसल्या लावून घेतली. ज्याच्याकडे बोटांतील सवयीखेरीज काही नव्हते, त्याला पुन्हा फी भरून पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागला. आजही परीक्षेला बसणाऱ्या मुलाने एका मांडणीवर सराव केला आणि परीक्षेत दुसरीच मांडणी समोर आली, तर वेग निम्म्यावर येतो. त्याच्या ज्ञानात तसूभरही उणीव नसते, तरी निकालपत्र ते सांगत नाही. म्हणून पालकांना सुचवावेसे वाटते की टंकलेखनाच्या वर्गाला मुलांना घालताना, अर्ज करायच्या परीक्षेत कोणती मांडणी असेल, हे प्रथम लेखी विचारून घ्यावे.

अलीकडे मोबाईलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची रीत सर्वत्र झाली आहे. ‘shala’ या अर्थाची इंग्रजी अक्षरे दाबावीत आणि यंत्राने ‘शाळा’ असे अनुमान करावे. रोजच्या निरोपांसाठी ती सोयीची आहे. पण तेथे तक्ता आपल्या हाती नसतो. यंत्र अनुमान करते आणि आपण ते स्वीकारतो. आपल्या विद्यार्थ्यांनी किमान एक मराठी मांडणी बोटांत मुरवावी आणि किमान एकदा तरी स्वतःच्या हाताने एखादी कळ तक्त्यात नोंदवून पाहावी, असे मनापासून वाटते. चार ओळींचे काम आहे. परंतु ते केल्यानंतर समोरचे यंत्र पूर्वीसारखे दिसत नाही. ज्या गोष्टी यंत्रात मुळातच तशा आहेत असे वाटत होते, त्या कुणीतरी लिहून ठेवलेल्या नोंदी आहेत, हे एकदा उमगले की वाचणारा विद्यार्थी लिहिणारा होतो.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांच्यासाठी एक छोटे काम सुचवून थांबतो. मराठी कळफलकासाठी कंट्रोल-कळांचे भाषांतर करणारा वर सांगितलेला तक्ता तयार करून तो शाळेच्या संगणक कक्षात लावून द्यावा. एका शनिवारच्या दुपारीत ते होण्यासारखे आहे. मात्र त्याची नुसती प्रत देऊन जाऊ नये. शेजारी दोन-चार मुलांना बसवावे, प्रत्येक ओळ का लिहिली ते सांगावे आणि शेवटची ओळ त्यांच्याच हातून लिहवून घ्यावी.